वॉर डायरी कशी वाचावी: छिंदवाड्याचं जंगल, शत्रूची खबर आणि पलटणीचे कागद

१९४३ च्या उन्हाळ्यात भारतातल्या ब्रिटिश फौजेचं मनोबल पार खचलं होतं. सिंगापूर आदल्या वर्षी १५ फेब्रुवारीला पडलं होतं, पाठोपाठ ब्रह्मदेश गेला होता. डिसेंबर १९४२ ते मे १९४३ या काळात आराकानच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यानं पुन्हा आत शिरण्याचा पहिला प्रयत्न झाला, तोही फसला. मग जूनमध्ये पायदळाच्या दुरवस्थेची कारणं शोधायला एक समिती बसली. तिनं सांगितलं ते थोडक्यात असं: रंगरुटाला रेजिमेंटच्या केंद्रात नऊ महिने मूलभूत शिक्षण द्या, आणि तिथून थेट आघाडीवर न धाडता दोन महिने जंगलात राहायला, चालायला आणि लढायला शिकवा. त्यासाठी दोन अख्ख्या डिव्हिजन लढाईतून बाजूला काढल्या गेल्या. ३९ वी सहारनपूरला गेली. १४ वी डिव्हिजन आराकानात स्वतः मार खाऊन आली होती, ती छिंदवाड्याला आली.

छिंदवाडा म्हणजे नागपूरहून साधारण सव्वाशे किलोमीटर, आणि तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडातला जिल्हा, म्हणजे कारभार नागपूरच्या सचिवालयातून चालणारा. कामठीची छावणी तर १८२१ पासूनची. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४२ साली कामठीतच उभी राहिली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातले पायदळाचे कागद म्हणजे कुठल्या तरी दूरदेशीचं प्रकरण, असं विदर्भातल्या माणसाला म्हणता येणार नाही. हे कागद आज बऱ्यापैकी खुले आहेत. अडचण मिळण्याची कमी आणि वाचण्याची जास्त आहे. वॉर डायरी म्हणजे युद्धकाळात पलटणीनं ठेवायची अधिकृत रोजनिशी. ती पहिल्यांदा उघडणाऱ्याला वाटतं की यात सगळं लिहिलेलं असेल. दहा पानांत तो कंटाळतो, कारण तिथं 'पाऊस. गस्त गेली. विशेष काही नाही' एवढंच असतं.

कागद वर चाललाय की खाली?

लष्करी कागद हाती आला की तारखेच्याही आधी बघायचं ते हे. पलटणीकडून (म्हणजे बटालियनकडून) ब्रिगेडकडे, ब्रिगेडकडून डिव्हिजनकडे जाणारा कागद म्हणजे अहवाल. त्यात लिहिणारा आपल्या वरिष्ठाला जाब देत असतो, म्हणून यश ठळक आणि गोंधळ पुसट. वरून खाली येणारा कागद म्हणजे हुकूम, सूचना, प्रशिक्षणाचं पत्रक. त्यात 'असं व्हायला हवं' असतं, 'असं झालं' नसतं. या दोहोंत गल्लत झाली की इतिहास बिघडतो. एखाद्या पत्रकात 'प्रत्येक प्लाटून (पलटणीतली तीसेक जणांची तुकडी) रात्री चारही बाजूंनी संरक्षण करील' असं छापलंय म्हणजे प्लाटून तसं करत होत्या हे सिद्ध होत नाही. उलट, तोच हुकूम तीन महिन्यांत तीनदा निघाला असेल तर खुशाल समजावं की कुणी ऐकत नव्हतं.

आराकानमधल्या डोनबाइकचं उदाहरण घेऊ. जानेवारी ते मार्च १९४३ मध्ये तिथं पुन्हा पुन्हा हल्ले झाले. लाकडाचे ओंडके आणि माती रचून केलेल्या जपानी बंकरांवर तोफांचे गोळे फारसे चालले नाहीत. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला जेमतेम आठ व्हॅलेंटाइन रणगाडे पाठवले गेले, तेही फुकट गेले. अशा हल्ल्यांची पलटणीच्या डायरीतली नोंद चार ओळींची असते: अमुक वाजता निघालो, अमुक अंतरावर मारा सुरू झाला, इतके मेले, इतके जखमी, मूळ जागी परत. हल्ला का फसला ते तिथं नसतं. ते मागाहून काढलेल्या 'धड्यां'च्या टिपणांत सापडतं: एक बंकर घ्यायला गेलं की शेजारचे दोन त्याच्यावर गोळ्या झाडतात, आणि आपली माणसं बंकरच्या माथ्यावर पोचली की जपानी स्वतःच्याच बंकरवर उखळी तोफा डागतात, कारण आतल्याला इजा होत नाही. पुढे हाच धडा पत्रकाच्या भाषेत छापला जातो आणि रंगरुटाच्या आठवड्याच्या वेळापत्रकात 'बंकरवर हल्ला, सेक्शन व प्लाटून' अशी एक तासिका होऊन बसतो. डायरी, टिपण, पत्रक आणि वेळापत्रक या चार कागदांतला एकच वाचला, तर चौथा हिस्साच हाती लागतो.

वॉर डायरी

पहिल्या महायुद्धापासून वॉर डायरी ठरावीक छापील नमुन्यावर लिहिली जायची: आर्मी फॉर्म सी २११८. वर दोन नावं छापलेली असत, 'वॉर डायरी' आणि 'इंटेलिजन्स समरी', आणि जे नको ते खोडायची सूचना. म्हणजे पलटणीचा दिनक्रम आणि शत्रूची खबर या दोन्हींना एकच फॉर्म. घाईत कुणी काहीच खोडत नसे, त्यामुळे मथळ्यावरून कागदाचा प्रकार ठरवू नका, मजकुरावरून ठरवा. खाली रकाने: ठिकाण, तारीख, वेळ, घडामोडींचा गोषवारा, आणि शेवटचा शेरा व पुरवण्यांच्या संदर्भांचा. या शेवटच्या अरुंद रकान्याकडे नवखे वाचक ढुंकूनही बघत नाहीत, आणि तोच सगळ्यांत कामाचा. तिथं 'पुरवणी ३ पाहा' असं बारीक अक्षरात असतं. त्या पुरवणीत हल्ल्याचा हुकूम, गस्तीचा अहवाल, नकाशाचा ट्रेस किंवा प्रशिक्षणाचा कार्यक्रम असतो. पुरवण्या बऱ्याचदा गहाळ असतात. म्हणून महिन्याची फाइल हाती आली की आधी शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचून किती पुरवण्यांचा उल्लेख आहे ते मोजा, मग मागे प्रत्यक्षात किती जोडल्यात ते बघा. काय हरवलंय हे कळलं की ते ब्रिगेडच्या फाइलीत शोधता येतं, कारण हुकमाच्या प्रती वरच्या आणि शेजारच्या तुकड्यांनाही जात.

डायरी लिहायचा तो बहुधा अ‍ॅडज्युटंट (पलटणीचं कार्यालय सांभाळणारा अधिकारी) किंवा पलटणीचा इंटेलिजन्स ऑफिसर. मूळ प्रत दरमहा वर पाठवायची, कार्बन प्रत पलटणीकडे. रोज लिहावी असा नियम, पण कित्येक डायऱ्या महिनाअखेरीस एका बैठकीत उतरवलेल्या दिसतात: शाई एक, हात एक, आणि पाच तारखेच्या नोंदीत वीस तारखेला कळलेली माहिती. अशी डायरी खोटी नसते. पण 'तेव्हा त्यांना काय ठाऊक होतं' या प्रश्नाला ती उपयोगाची नाही. त्यासाठी मेसेज लॉग लागतो. त्यात बिनतारीनं आलेला प्रत्येक निरोप मिनिटासकट उतरवलेला असतो.

नोंदींची लांबीही उलटी चालते. विश्रांतीच्या महिन्यात हॉकीच्या सामन्यांपासून जनरलसाहेबांच्या भेटीपर्यंत पानंच्या पानं भरतात. लढाई जितकी तुंबळ, तितकी नोंद त्रोटक. लिहिणारा खंदकात असतो, जखमी असतो, किंवा मेलेला असतो. सलग पाच दिवस कोरे दिसले की कंटाळून पुढे जाऊ नका. त्याच पाच दिवसांसाठी ब्रिगेडची आणि तोफखान्याची डायरी काढा. तोफखाना दोन पावलं मागे असतो, आणि त्याला दारूगोळ्याचा हिशेब द्यावाच लागतो.

आता घराघरांतला प्रश्न: आजोबांचं नाव सापडेल का? बहुतेक वेळा नाही, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. डायरीत अधिकाऱ्यांची नावं असतात. जवान येतात ते आकड्यांत: 'आय.ओ.आर. ३ ठार, ७ जखमी'. आय.ओ.आर. म्हणजे हुद्द्यानं अधिकारी नसलेले हिंदी शिपाई. व्ही.सी.ओ. म्हणजे जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर. त्यांची नावं अधूनमधून येतात. साध्या शिपायाचं नाव यायला त्यानं शौर्यपदक मिळवलेलं असावं लागतं किंवा एखाद्या नावनिशीवार यादीत तो असावा लागतो. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते ३/५ मराठाचे, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे. असा माणूस शिफारशीच्या कागदांत तपशिलानं भेटतो. बाकी हजारोंच्या बाबतीत आपल्याला कळतं ते एवढंच, की त्यांची कंपनी त्या दिवशी कुठे होती. तेही कमी नाही.

आकड्यांबद्दल थोडं. संध्याकाळी दिलेला मृतांचा आकडा आणि आठवड्यानं दिलेला आकडा जुळत नाही, कारण 'बेपत्ता' या रकान्यातली माणसं हळूहळू 'ठार' किंवा 'परतले' मध्ये सरकतात. नंतरचा आकडा धरा, पण दोन्ही टिपून ठेवा. शत्रूच्या मृतांपुढे 'मोजलेले' आहे की 'अंदाजे' आहे ते बघा. जपानी शक्य तोवर आपली प्रेतं मागे नेत, त्यामुळे अंदाजे आकड्याला कसलाच आधार नसतो आणि तो सहसा फुगलेला असतो. पलटणीची संख्या वाचतानाही हीच काळजी. मंजूर संख्या, हजर संख्या आणि रेशन घेणारी संख्या हे तीन वेगळे आकडे आहेत. कागदावर आठशेच्या वर माणसं असलेली बटालियन हल्ल्याला निघते तेव्हा आजारी, रजेवरचे, स्वयंपाकी, खेचरवाले वगळून निम्मीसुद्धा असू शकते. फील्ड मार्शल स्लिम यांनी नमूद केलंय की १९४३ मध्ये जखमी होऊन मागे जाणाऱ्या एका माणसामागे १२० आजारी मागे जात होते. पत्रकांत गोळीबाराइतकीच मच्छरदाणी, पूर्ण बाह्या आणि मलेरियावरच्या मेपाक्रिनच्या रोजच्या गोळीची ताकीद का असते, ते यावरून समजेल.

दारूगोळ्याच्या हिशेबात एक खोच आहे. ब्रेन गन या हलक्या मशीनगनच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या बसतात, पण स्प्रिंगवर ताण येऊन गोळी अडकू नये म्हणून भरायच्या २८ च, असं शिकवलं जाई. तेव्हा '२० मॅगझिन शिल्लक' म्हणजे ६०० नव्हे, ५६० गोळ्या.

घड्याळ आणि नकाशा

वेळ चोवीस ताशी असते, ते सोपं. अवघड हे की कुणाची वेळ. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळं आजच्यापेक्षा एक तास पुढे होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. जपानी फौज कुठेही असली तरी टोकियोची वेळ पाळायची, म्हणजे ग्रिनिचच्या नऊ तास पुढे. फरक अडीच तासांचा. हाती लागलेल्या जपानी हुकमात पहाटे ०३३० चा हल्ला असेल, तर आपल्या बाजूच्या डायरीत तो ०१०० ला दिसणार. हे न कळल्यानं एकाच हल्ल्याचे दोन हल्ले करून टाकलेली वर्णनं वाचायला मिळतात. सूर्योदयाचा किंवा चंद्र उगवल्याचा उल्लेख सापडला तर त्यावरून ताडून बघता येतं.

नकाशाचे संदर्भ सहा आकडी असतात, पुढे बहुधा दोन अक्षरं. समजा ३१२४७५ असा आकडा आहे. पहिले तीन पूर्वेकडे मोजायचे: ३१ क्रमांकाची उभी रेघ आणि तिच्यापुढे दोन दशांश. पुढचे तीन उत्तरेकडे: ४७ क्रमांकाची आडवी रेघ आणि पाच दशांश. आधी आडवं सरकायचं, मग वर चढायचं. उलट केलं की माणूस भलत्याच डोंगरावर पोचतो, आणि ही चूक डायरी लिहिणाऱ्यांनीही केलेली आहे. भारत-ब्रह्मदेशाच्या त्या काळच्या नकाशांवरचं जाळं यार्डांत होतं, मीटरमध्ये नव्हे. रेघांमधलं अंतर १००० यार्ड धरलं तर सहा आकडी संदर्भ १०० यार्ड बाजूचा एक चौकोन दाखवतो, बिंदू नाही. अक्षरं गाळली तर तेच आकडे शेकडो मैल दूर पुन्हा येतात, म्हणून नकाशाच्या शीटचा क्रमांक नेहमी टिपावा.

हे आकडे मोबाइलच्या नकाशात थेट घालू नयेत. जुने नकाशे पृथ्वीच्या एव्हरेस्ट मापावर आधारलेले, आताचे उपग्रही नकाशे वेगळ्या मापावर. जागा काहीशे मीटर सरकते. खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच शीटची स्कॅन केलेली प्रत मिळवायची, संदर्भाजवळचा ओढ्यांचा संगम, गाव किंवा उंचीचा बिंदू हेरायचा आणि तोच उपग्रह-चित्रात शोधायचा. ओढ्याचा काठ सरकलेला असू शकतो, टेकडी सरकत नाही. नाव नसलेल्या टेकड्यांना फुटांतल्या उंचीनं ओळखत: आराकानातली 'पॉइंट ५५१' म्हणजे ५५१ फुटांची टेकडी. आजच्या नकाशात ती साधारण १६८ मीटर म्हणून शोधावी लागेल. आणि एवढं करूनही, घनदाट जंगलात गस्तीचा म्होरक्या 'आम्ही इथं आहोत' म्हणतो ते स्वतः काहीशे यार्डांनी चुकलेलं असू शकतं.

खबर कशी तयार होते

पलटणीत इंटेलिजन्स ऑफिसरच्या हाताखाली मोजकी माणसं असत. काम तीन प्रकारचं: नकाशा अद्ययावत ठेवणं, परतलेल्या गस्तीची उलटतपासणी घेणं, आणि हाती लागलेले कागद न वाचता, न वाटता ताबडतोब वर पाठवणं. हे तिसरं सगळ्यांत कठीण. जपानी तलवार, झेंडा, पैसे, पासबुक या सगळ्याला शिपाई आठवण म्हणून खिशात घालत, आणि त्याच पासबुकावरून शत्रूची रेजिमेंट कळायची असते. ताकीद देणारी परिपत्रकं पुन्हा पुन्हा निघालेली दिसतात, त्याचं कारण हे.

गस्तीच्या अहवालाचा साचा ठरलेला: किती माणसं, कधी निघाली, कधी परतली, वाट कुठली, जमीन कशी, शत्रू कुठे, काय करताना दिसला, आपण काय केलं. वाचताना आधी वेळ आणि अंतर यांचा भागाकार करा. पायवाट सोडून दाट जंगलातून, आवाज न करता जायचं तर तासाला काहीशे यार्डांपलीकडे जाता येत नाही. चार तासांत सहा मैलांची फेरी आणि वर शत्रूच्या खंदकांची मोजदाद असं लिहिलेलं असेल, तर गस्त अलीकडेच कुठेतरी दबा धरून बसली होती अशी शंका घ्यायला जागा आहे. 'ऐकलं' आणि 'पाहिलं' यातला फरकही बघा.

पलटणीची खबर ब्रिगेडला, तिथून डिव्हिजनला, तिथून कोअरला जाते. वर शेजारच्या तुकड्यांची माहिती, विमानातून घेतलेले फोटो आणि कैद्यांचे जबाब तिला मिळतात आणि रोजचा गोषवारा होऊन ती खाली परत येते. इथं एक जुना सापळा आहे. पलटणीनं 'सुमारे २०० जपानी' असं कळवलं, ते डिव्हिजनच्या गोषवाऱ्यात आलं, पलटणीनं ते वाचलं आणि डायरीत लिहिलं: 'डिव्हिजनकडून दुजोरा'. दुजोरा कसला, स्वतःचाच आवाज परत आला. तीन गस्तींनी एकच टोळी तीन जागी बघितली की २०० चे ६०० होतात. म्हणून गोषवाऱ्यातल्या प्रत्येक आकड्याचा मूळ अहवाल शोधायचा. आजच्या लष्करी पद्धतीत सूत्राच्या विश्वासार्हतेला अक्षर आणि माहितीच्या खरेपणाला आकडा असे दोन वेगळे गुण देतात, ते याचसाठी: भरवशाचा माणूस चुकीचं सांगू शकतो, आणि लबाड माणूस कधीकधी खरं.

जपानी कैदी फार थोडे मिळत. पण शरण जायचंच नाही या शिकवणीमुळे पकडले गेल्यावर काय बोलू नये हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसे, आणि सापडलेले पुष्कळदा मोकळेपणानं बोलत. त्यांचे सैनिक रोजनिशा लिहीत आणि त्या घेऊन लढाईत उतरत, ही इंटेलिजन्सच्या दृष्टीनं पर्वणीच. सविस्तर चौकशीचं केंद्र दिल्लीत लाल किल्ल्यात होतं. भाषांतर आणि चौकशीसाठी आग्नेय आशिया कमांडची 'सीटिक' ही संस्था होती. युद्धानंतर जपानी अधिकाऱ्यांना विचारून तिनं काढलेली बुलेटिन आज फार उपयोगी पडतात, कारण एकाच लढाईची दुसरी बाजू तिथं मिळते.

सांगशाकचं प्रकरण मराठी वाचकानं मुद्दाम बघावं असं आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या या नागा गावात ५० वी पॅराशूट ब्रिगेड अडकली. सोबत ४/५ मराठा होती. २६ तारखेच्या रात्रीपर्यंत जपानी ५८ व्या रेजिमेंटला त्यांनी थोपवून धरलं. लढाईच्या सुरुवातीच्या दिवसांतच एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा आणि कागद सापडले. त्यांतून दिसत होतं की एक पूर्ण डिव्हिजन, ३१ वी, कोहिमाकडे निघाली आहे. वरिष्ठांच्या अंदाजापेक्षा किती तरी मोठं बळ. प्रती मागे पाठवल्या गेल्या. त्या पोचल्या का, पोचल्या तर कुणी वाचल्या, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. तो सोडवायचा तर ब्रिगेड, २३ वी डिव्हिजन आणि चौथी कोअर या तिन्ही पातळ्यांच्या त्या आठवड्याच्या डायऱ्या आणि आवक-जावक नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. एकाच पातळीची डायरी वाचून ठाम निष्कर्ष काढणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

एक खबर मात्र या कागदांत सापडणारच नाही. शत्रूचे बिनतारी संदेश पकडून फोडण्याचं काम दिल्लीच्या वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटरमध्ये चालायचं, आणि सांकेतिक संदेश फोडल्याची गोष्ट १९७४ पर्यंत जगापासून लपवली गेली. खालच्या कागदांत ती 'अत्यंत विश्वसनीय सूत्र' अशा मोघम शब्दांत येते, किंवा येतच नाही. एखाद्या सेनापतीचा अंदाज अचाट अचूक वाटला तर प्रतिभेचं कौतुक करण्याआधी हे आठवावं.

प्रशिक्षणाचे कागद

यात सर्वांत वाचनीय म्हणजे भारतात छापलेलं मिलिटरी ट्रेनिंग पॅम्फ्लेट नंबर ९. आधीच्या आवृत्तीत शीर्षक जंगलयुद्धाविषयीचं, सरकारी थाटाचं. सप्टेंबर १९४३ ची चौथी आवृत्ती फौजेत 'जंगल बुक' म्हणून ओळखली गेली. आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या की मलाया आणि आराकानचा मार पानापानांत दिसतो: रस्ता सोडा, चहूबाजूंनी मोर्चा बांधा, मागे शत्रू आला म्हणून मागे सरू नका, रात्री उगाच गोळ्या झाडू नका. फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानातच जपान्यांनी ७ व्या डिव्हिजनला वेढलं, तेव्हा ती जागेवर उभी राहिली आणि विमानातून रसद घेऊन लढली. हा फरक कागदावर आधी झाला होता.

पत्रक वाचताना आवृत्ती आणि दुरुस्तीच्या चिठ्ठ्या तपासा. दुरुस्त्या वेगळ्या छापून येत आणि कारकून त्या मूळ पानावर चिकटवत. चिकटवलेल्या पट्टीखाली जुना मजकूर असतो. आधी काय शिकवत होते ते तिथं. चिठ्ठी उपटायची मात्र नाही, वाचनालयाच्या माणसाला सांगायचं.

छिंदवाड्याबद्दल एक तक्रार नोंदवावीशी वाटते. सातपुड्याचं सागाचं जंगल उन्हाळ्यात पानं गाळून उघडं पडतं. आराकानचं बारमाही हिरवं, ओलं, चिखलाचं रान ते नव्हे. एप्रिल-मे महिन्यात तिथं तयार झालेल्या रंगरुटाला आणि पावसाळ्यात तयार झालेल्याला सारखंच शिक्षण मिळालं असं धरून चालू नये. म्हणूनच 'दोन महिन्यांचं जंगल-शिक्षण' एवढ्या शिक्क्यावर न थांबता त्या तुकडीचं वेळापत्रक बघावं.

कुठे शोधायचं

पहिली पायरी घरात. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला मजकूर यांतून शिपाई क्रमांक आणि बटालियन मिळवा. बटालियन '१/५' अशी लिहिली असेल तर ती पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन. १९२२ च्या फेररचनेत जुने क्रमांक बदलले: १०३ वी झाली १/५, १०५ वी झाली २/५, ११० वी ३/५, ११६ वी ४/५ आणि ११७ वी ५/५ मराठा. पणजोबा पहिल्या महायुद्धातले असतील तर जुना क्रमांक लागेल, आजोबा दुसऱ्यातले असतील तर नवा. संगणकावर शोधताना 'मराठा'चं जुनं इंग्रजी स्पेलिंग (Mahratta) वापरा, एच आरच्या आधी आणि टी दोन. नाहीतर निम्म्या फाइली दिसतच नाहीत.

डायऱ्यांचा मोठा साठा लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ९५ या मालिकेत, मेसोपोटेमियासह. दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेसाठी डब्ल्यूओ १६९, इटलीसाठी १७०, ब्रह्मदेश आणि आग्नेय आशियासाठी १७२. लष्करी इंटेलिजन्सचे कागद २०८ मध्ये, शौर्यपदकांच्या शिफारशी ३७३ मध्ये. भारतात छापलेली प्रशिक्षण पत्रकं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात, एल/एमआयएल/१७/५ या मालिकेत आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे सेन्सॉरनं केलेले इंग्रजी उतारेही तिथंच, एल/एमआयएल/५/८२५ ते ८२८. युद्धात मृत्यू झाला असेल तर सगळ्यांत आधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची वेबसाइट बघा. ती फुकट आहे, आणि क्रमांक, बटालियन, कित्येकदा वडिलांचं नाव आणि गावही देते.

भारतात राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ पहिलं. नागपुरातलं विदर्भ अभिलेखागार मुलकी बाजूचं: जुन्या प्रांतिक सरकारची नस्ती. भरती, युद्धनिधी, छावणीसाठी घेतलेली जमीन, सैनिकांच्या कुटुंबांचे अर्ज असल्या गोष्टींचा माग तिथं काढायचा, लढाईचा नाही. एकट्या माणसाची सेवा-नोंद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं आपल्या कामठीत. वैयक्तिक 'शीट रोल' (एकेका शिपायाचं सेवापत्रक) ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतो, पण 'लाँग रोल' ही सगळ्यांची एकत्र नोंदवही कायम ठेवतात. म्हणून अर्जात 'सर्व कागद द्या' असं न लिहिता 'लाँग रोलमधील नोंदीचा उतारा' मागा, सोबत नात्याचा पुरावा जोडा. पत्ते आणि अर्जाची वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात.

स्वातंत्र्यानंतरच्या लढायांचं चित्र वेगळं आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं जाहीर केलेल्या धोरणानुसार वॉर डायऱ्यांसारखे कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले करण्याचा विचार व्हावा आणि तपासणीनंतर ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत. 'साधारणपणे' या शब्दात बरंच काही मावतं. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल अजून गोपनीयच आहे. माहिती अधिकारात अर्ज केला तर कलम ८(१)(अ), म्हणजे देशाच्या सुरक्षेच्या कलमाखाली नकार येऊ शकतो. कलम ८(३) वीस वर्षांहून जुन्या घटनांना मोकळीक देतं, पण देशाच्या सुरक्षेचा अपवाद त्यालाही लागू आहे. तरी अर्ज नेमका असेल तर उत्तराची शक्यता वाढते: तुकडी, महिना आणि कागदाचा प्रकार लिहा. 'अमुक बटालियनची १९६५ ची माहिती' असा अर्ज निकालात काढणं सोपं असतं. 'सप्टेंबर १९६५ ची वॉर डायरी, पुरवण्यांसह. ती आपल्याकडे नसल्यास कोणाकडे व कधी हस्तांतरित केली याची नोंद' असा अर्ज टोलवणं अवघड.

फाइल प्रत्यक्ष हाती आली की पहिला फोटो मुखपृष्ठाचा, संदर्भ क्रमांकासह, आणि प्रत्येक पानाच्या फोटोत तो क्रमांक लिहिलेली चिठ्ठी कडेला ठेवायची. पानाची मागची बाजूही घ्यायची. पेन्सिलीनं काढलेले मोर्च्यांचे कच्चे नकाशे पुष्कळदा तिथंच असतात, आणि स्कॅन करणाऱ्यांनी ती बाजू कोरी समजून सोडलेली असते.